ज्याच्या नावाची बेटं आपल्या सगळ्यांच्या पोटात आहेत, त्या पॉल लँगरहान्सची गोष्ट

जीवशास्त्राच्या पुस्तकात स्वादुपिंडाचं एक चित्र हमखास असतं. दाट ठिपक्यांच्या गर्दीत मधूनच फिकट, गोलसर चकत्या दाखवलेल्या असतात आणि बाणाच्या टोकाशी लिहिलेलं असतं, लँगरहान्सची द्वीपकं. मुलं एका गुणासाठी हा शब्द पाठ करतात आणि विसरून जातात. पुढे कधीतरी घरात कुणाला मधुमेह निघतो, डॉक्टर इन्शुलिनबद्दल समजावून सांगतात आणि तीच बेटं पुन्हा भेटतात. कारण शरीरातलं इन्शुलिन तयार होतं ते तिथेच.

ही बेटं पहिल्यांदा नीट पाहणारा पॉल लँगरहान्स तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. ती कशासाठी आहेत हे त्याला कळलं नाही आणि आपल्याला कळलं नाही हे त्याने आपल्या प्रबंधात सरळ लिहून टाकलं. पुढे चाळिशीतच त्याचा मृत्यू झाला तेव्हाही जगात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. उत्तराचा पहिला धागा सापडला तो त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, आणि तोही तो जिथे शिकवत होता त्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत.

पॉलचा जन्म २५ जुलै १८४७ चा, बर्लिनमधला. वडील डॉक्टर होते आणि त्यांचंही नाव पॉलच होतं. केवळ डॉक्टर नव्हे, तर बर्लिनच्या राजकारणातलं वजनदार नाव. शहराच्या नगरसभेत ते मोठ्या पदावर होते आणि रुडॉल्फ फिर्शो हे त्यांचे राजकारणातले सहकारी. फिर्शो म्हणजे त्या काळातले जगातले सर्वांत मोठे विकृतिशास्त्रज्ञ. रोग शरीरात कुठेतरी अधांतरी नसतो, तो पेशींमध्ये असतो, हे वैद्यकाला पटवून देणारा माणूस. असा माणूस वडिलांच्या ओळखीचा असल्यावर मुलगा कुठल्या वाटेने जाणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. पॉलचे दोन धाकटे सावत्र भाऊही पुढे डॉक्टर झाले.

सावत्र म्हणायचं, कारण पॉलची आई तो सहा वर्षांचा असतानाच गेली. क्षयाने. तेव्हा क्षयाला औषध नव्हतं आणि तो कशाने होतो हेही माहीत नव्हतं. हा रोग या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

शाळा संपल्यावर पॉल वैद्यक शिकायला आधी येनाला गेला. तिथे एर्न्स्ट हेकेल हे प्राणिशास्त्रज्ञ शिकवत होते. समुद्रातल्या बारीकसारीक जीवांचं वेड त्याला तिथेच लागलं असावं, कारण पुढे आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसांत त्याने आधार घेतला तो याच जीवांचा. येनाहून तो बर्लिनला परतला आणि फिर्शोंच्या संस्थेत काम करू लागला.

तिथे युलियस कोनहाइम यांनी त्याला एक नवी पद्धत शिकवली. ऊतीचा तुकडा गोल्ड क्लोराइडच्या द्रावात ठेवला की काही विशिष्ट पेशी आणि मज्जातंतू काळसर होऊन उठून दिसतात. पॉलने ही पद्धत माणसाच्या त्वचेवर वापरून पाहिली. त्वचेच्या वरच्या थरात त्याला फांद्या फुटलेल्या, झाडासारख्या दिसणाऱ्या काळ्या पेशी आढळल्या. १८६८ साली, म्हणजे पदवी मिळण्याच्या आधीच, त्याने त्यावर निबंध छापला. या पेशी मज्जातंतूंशी संबंधित असाव्यात असा त्याने अंदाज बांधला. फांद्या मज्जापेशींसारख्या दिसत होत्या, शिवाय त्या रंगल्याही होत्या मज्जातंतूंसाठीच्या पद्धतीने. त्यामुळे अंदाज चुकीचा वाटण्याचं काहीच कारण नव्हतं.

पण तो चुकीचा होता. त्या पेशी मज्जासंस्थेच्या नाहीत, रोगप्रतिकारशक्तीच्या आहेत. त्वचेतून आत शिरू पाहणाऱ्या परक्या वस्तूंना पकडून त्यांची वर्दी शरीराच्या संरक्षक यंत्रणेला देणं हे त्यांचं काम. हे नीट कळायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. शंभर वर्षं या पेशी शास्त्रज्ञांना कोड्यात टाकत राहिल्या. आज त्यांनाही लँगरहान्स पेशी म्हणतात. म्हणजे या माणसाचं नाव शरीरात दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही शोध त्याने वयाच्या बाविशीच्या आत लावलेले आहेत. त्वचेची ही हकीकत लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्याच वर्षी स्वादुपिंडाच्या बाबतीत तो अगदी वेगळा वागला.

स्वादुपिंड हा अवयव मुळातच नजरेआड असणारा. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढ्यात तो आडवा पडलेला असतो. लांबी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. उजवीकडचं जाड डोकं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेलं आणि डावीकडची निमुळती शेपटी प्लीहेपर्यंत पोहोचलेली. तो इतका खोल असतो की निरोगी माणसाच्या पोटावर हात दाबून डॉक्टरलाही तो लागत नाही. कित्येक शतकं वैद्यांना तो जठराखाली घातलेल्या उशीसारखा वाटत होता.

१६४२ साली इटलीतल्या पादुआ शहरात योहान गेओर्ग विर्सुंग याने फाशी दिलेल्या एका माणसाच्या शवविच्छेदनात स्वादुपिंडाच्या आरपार जाणारी एक नळी पाहिली. ती कशासाठी आहे हे त्याला समजेना. त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरलं, छाप काढले आणि युरोपातल्या नामवंत शरीरशास्त्रज्ञांना पाठवून त्यांचं मत विचारलं. समाधानकारक उत्तर काही मिळालं नाही आणि पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. नळीला मात्र आजही त्याचंच नाव आहे. पुढे १६६४ मध्ये रेनिए द ग्राफ या तरुण डच विद्यार्थ्याने कुत्र्याच्या त्या नळीत पिसाची पोकळ दांडी बसवून आतला रस बाहेर काढून दाखवला.

तो रस करतो काय, याचं पक्कं उत्तर दिलं फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८४० च्या दशकात. सशाच्या शरीरात एक सोय असते. पित्ताची नळी आतड्यात वर उघडते आणि स्वादुपिंडाची नळी तिच्यापासून बऱ्याच खाली. सशाला चरबीयुक्त खाणं दिल्यावर आतड्याबाहेरच्या रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या होत होत्या, पण फक्त स्वादुपिंडाची नळी उघडते त्या जागेच्या खाली. वर नाही. म्हणजे चरबी पचवण्याचं मोठं काम पित्ताने एकट्याने होत नाही, स्वादुपिंडाचा रस लागतो. हाच रस पिष्टमय पदार्थांवर आणि प्रथिनांवरही काम करतो हेही पुढे स्पष्ट झालं.

झालं, स्वादुपिंडाचं कोडं सुटलं असं सगळ्यांना वाटलं. जर्मन भाषेत तर या अवयवाचं नावच पोटातली लाळग्रंथी अशा अर्थाचं आहे. तोंडात जशी लाळ सुटते तशी पोटात याची सुटते, असा सरळ हिशेब. ज्या अवयवाच्या नावातच त्याचं काम सांगितलेलं आहे, त्यात आणखी काही शोधायचं असेल असं कुणाच्या मनात कशाला येईल?

पॉलने प्रबंधासाठी विषय घेतला तो याच ग्रंथीच्या सूक्ष्म रचनेचा. काम मुख्यतः सशांवर. सशाचं स्वादुपिंड माणसासारखं एकसंध नसतं. ते आतड्याच्या पातळ पडद्यावर विखुरलेलं असतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली धरायला सोयीचं. आज ऊतीचा तुकडा मेणात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप काढतात. तेव्हा ही पद्धत रूढ झालेली नव्हती. पॉल तुकडे दोन दिवस म्युलर द्राव नावाच्या रसायनात भिजत ठेवायचा. त्याने पेशींना धरून ठेवणारा चिकटा सैल व्हायचा. मग सुया घेऊन पेशी एकमेकींपासून सोडवत बसायचं. नळीत निळा रंग भरून तिच्या फांद्या कुठवर जातात हेही त्याने पाहिलं.

त्याला जे दिसलं त्यातलं बरंचसं अपेक्षेप्रमाणे होतं. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग द्राक्षांच्या घडासारखा असतो. प्रत्येक मणी म्हणजे पाचकरस बनवणाऱ्या पेशींचं छोटं वर्तुळ आणि देठ म्हणजे रस वाहून नेणारी बारीक नळी. असे देठ मिळत मिळत विर्सुंगच्या मोठ्या नळीला येऊन मिळतात. माणसाच्या शरीरात या वाटेने दिवसाला साधारण दीड लिटर रस आतड्यात पडतो. जठरातून आलेल्या अन्नातलं आम्ल निवळवण्यासाठी त्यात क्षार असतो. प्रथिनं फोडणारी द्रव्यं मात्र स्वादुपिंडात झोपलेल्या अवस्थेतच तयार होतात आणि आतड्यात पोहोचल्यावर जागी होतात. हे शहाणपणाचंच आहे, कारण स्वादुपिंड स्वतःही प्रथिनांचंच बनलेलं. ती द्रव्यं चुकून आतच जागी झाली तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. स्वादुपिंडाला आलेली तीव्र सूज इतकी भयंकर दुखते ती त्यामुळेच.

पॉलने स्वादुपिंडात पेशींचे एकूण नऊ प्रकार नोंदवले. मण्यांच्या मधोमध असणाऱ्या छोट्या पेशीही त्यानेच पहिल्यांदा वर्णन केल्या. आणि त्या नवांमध्ये एक प्रकार होता जो कुठेच बसेना. लहान, अनेक कोनांच्या, आत दाणे नसलेल्या स्वच्छ पेशी. मधोमध गोल केंद्रक. त्या एकेकट्या नव्हत्या, पुंजके करून होत्या. एकेक पुंजका ०.१ ते ०.२४ मिलिमीटरचा. असे पुंजके साऱ्या ग्रंथीभर विखुरलेले होते.

इथे त्याला मोह होण्यासारखी परिस्थिती होती. सशाच्या स्वादुपिंडात या पुंजक्यांच्या आसपास मज्जातंतू भरपूर दिसत होते. वर्षभरापूर्वी त्वचेतल्या पेशींना त्याने मज्जासंस्थेच्या खात्यात टाकलंच होतं. इथेही तसंच काही ठोकून दिलं असतं तर परीक्षकांनी आक्षेप घेतला नसता. डॉक्टरकीच्या प्रबंधात विद्यार्थ्याने आपल्या शोधाला काहीतरी अर्थ लावून दाखवावा अशीच अपेक्षा असते. पॉलने पुंजक्यांचं वर्णन केलं, मापं दिली आणि या पेशींचं स्वरूप काय, काम काय, हे आपण सांगू शकत नाही असं नमूद करून तो पुढे गेला. नावसुद्धा दिलं नाही. नुसते पेशींचे पुंजके.

फेब्रुवारी १८६९ मध्ये त्याने हा प्रबंध सादर केला आणि तो फिर्शोंना अर्पण केला. पदवी मिळाली. त्या पुंजक्यांकडे बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी आपापले तर्क लढवले. कुणाला त्या लसिकेच्या गाठी वाटल्या, कुणाला गर्भावस्थेतल्या उरल्यासुरल्या पेशी. मूळ वर्णनात चुकीचा अर्थ चिकटलेला नसल्यामुळे एक फायदा मात्र झाला. पुढे जे कुणी आले त्यांना आधी लँगरहान्सचं मत खोडून काढावं लागलं नाही.

खुद्द लँगरहान्स या विषयाकडे परत वळले नाहीत. असं का, याचं एक उत्तर त्यांच्या पुढच्या काही वर्षांच्या धावपळीत आहे. १८७० मध्ये ते रिचर्ड किपर्ट या भूगोलतज्ज्ञाबरोबर सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर गेले. तिथे कुष्ठरोग्यांचा अभ्यास केला, लोकांच्या शरीरांची मोजमापं घेतली. तेवढ्यात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. ते परतले आणि लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. युद्ध संपल्यावर थोडा काळ लाइपझिगला आणि मग १८७१ मध्ये फ्रायबर्ग विद्यापीठात विकृतिशास्त्र विभागात नोकरी. शवविच्छेदन करणं आणि विद्यार्थ्यांना शिकवणं हे काम.

फ्रायबर्गची तीन वर्षं जोमाची होती. लँगरहान्स यांनी लँप्री या माशासारख्या प्राण्यावर आणि अँफिऑक्ससवर लिहिलं. अँफिऑक्सस हा बोटभर लांबीचा, पारदर्शक, जवळजवळ डोकं नसलेला सागरी प्राणी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांची कल्पना देतो म्हणून तेव्हाच्या शास्त्रज्ञांना त्याचं फार अप्रूप होतं. त्वचेच्या एका थराचं वर्णनही याच काळातलं. १८७४ मध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळालं. वय सत्तावीस.

त्याच वर्षी त्यांना क्षयाची लागण झाल्याचं लक्षात आलं. शवविच्छेदनाच्या खोलीतच ती झाली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा हातमोजे नव्हते, मुखपट्टी नव्हती. क्षयाने मेलेल्या माणसांची फुप्फुसं उघड्या हातांनी कापायची, हे रोजचं काम. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जगासमोर ठेवला तो १८८२ साली, म्हणजे आणखी आठ वर्षांनी. आपण कशाशी खेळतो आहोत हे त्या खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

औषध नसल्यामुळे उपाय एकच, हवापालट. नेपल्स झालं, पालेर्मो झालं, काप्री बेट झालं, स्वित्झर्लंडमधल्या दावोसची थंड कोरडी हवा झाली. गुण कशानेच येईना. अखेर ऑक्टोबर १८७५ मध्ये ते अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावर, फुंशाल शहरात येऊन पोहोचले. मदेराची हवा वर्षभर सौम्य असते. युरोपातले, विशेषतः इंग्लंडमधले पैसेवाले क्षयरोगी तिथे हिवाळा काढायला जात. कित्येक जण परत येत नसत.

लँगरहान्स यांना मात्र तिथे थोडं बरं वाटू लागलं. फ्रायबर्गला परतून शिकवण्याइतकं नव्हे. विद्यापीठाची नोकरी सुटली, प्रयोगशाळा सुटली, बर्लिनच्या वर्तुळातला वावर सुटला. अठ्ठाविसाव्या वर्षी एखाद्या संशोधकाचं करिअर संपलं असं म्हणायला हरकत नव्हती. पण फुंशालमध्ये रोगी भरपूर होते आणि बहुतेकांना तोच रोग होता जो डॉक्टरला होता. त्यांनी दवाखाना सुरू केला. क्षयाच्या कारणांवर आणि उपचारांवर त्यांनी लिहिलेले लेख फिर्शोंच्या नियतकालिकात जात राहिले.

आणि समुद्र समोरच होता. येनाला हेकेल यांच्याकडे लागलेलं वेड इथे कामी आलं. मदेराच्या किनाऱ्यावरच्या सागरी कृमींचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास मांडला. गांडुळाच्या दूरच्या भाऊबंदांपैकी हे वलयी जीव वाळूत, दगडांखाली, शेवाळात राहतात. त्यांतले कित्येक विज्ञानाला नवे होते. १८७९ पासून काही वर्षं त्यांच्यावरचे लेख प्रसिद्ध होत गेले. एका नव्या प्रजातीला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं, फिर्शोविया. जगाला पेशींचं महत्त्व शिकवणाऱ्या फिर्शोंचं नाव एका समुद्री किड्याला, हा प्रकार ऐकायला गमतीचा वाटतो. पण प्राणिशास्त्रात यापेक्षा मोठा मान नसतो. इमारतींवरची नावं बदलतात, जिवांची सहसा बदलत नाहीत.

बेटाच्या हवामानाच्या नोंदी, तिथे राहायचं कसं, काय पाहायचं, रोग्याने कशाची काळजी घ्यायची, असं सगळं घालून त्यांनी मदेराची एक मार्गदर्शिकाही लिहिली. १८८५ मध्ये ती बर्लिनमध्ये छापली गेली. त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं, आपल्याच एका दिवंगत रुग्णाच्या पत्नीशी. एवढ्या वर्षांच्या एकटेपणानंतर घर मिळालं. ते सुख तीन वर्षं टिकलं.

१८८७ मध्ये पाय सुजू लागले. डोकं सतत दुखायचं, मधूनच स्मृती दगा द्यायची. फुप्फुसांनी बरीच साथ दिली होती, आता मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. हळूहळू रोगी तपासणं बंद करावं लागलं. रक्तात साचणारी विषारी द्रव्यं बाहेर काढायचा कुठलाच मार्ग तेव्हा वैद्यकाकडे नव्हता. डायलिसिस यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता. २० जुलै १८८८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते. फुंशालच्या ब्रिटिश दफनभूमीत त्यांना पुरलं.

आता त्या शंभर किलोमीटरच्या आतल्या गावाकडे वळू. फ्रायबर्गच्या उत्तरेला, ऱ्हाइन नदीपलीकडे स्ट्रासबुर्ग आहे. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. १८८९ साली तिथे ऑस्कार मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग या दोघांमध्ये चरबीच्या पचनावरून चर्चा निघाली. स्वादुपिंडाशिवाय चरबी पचते का, हे बघायचं तर कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकायला हवं. तसं करून प्राणी जगत नाही अशी समजूत होती. मिन्कोव्स्की यांचा हात शस्त्रक्रियेत सफाईदार होता. कुत्रा जगला. पण त्याला विलक्षण तहान लागू लागली आणि तो जागोजाग लघवी करू लागला. लघवी तपासली तर साखर सापडली. लघवीवर माशा घोंगावल्या म्हणून साखरेचा संशय आला, अशी एक कथा सांगितली जाते. खुद्द मिन्कोव्स्की यांनी ती पुढे नाकारली होती.

कुत्र्याला मधुमेह झाला होता. आणि याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या प्रयोगांत दिसली. स्वादुपिंडाची नळी नुसती बांधून टाकली, रस आतड्यात जाऊ दिला नाही, तर असा मधुमेह होत नव्हता. स्वादुपिंड काढून त्याचाच एक तुकडा कातडीखाली रुजवला, तरीही होत नव्हता. म्हणजे नळीतून वाहणारा रस वेगळा आणि मधुमेह रोखणारं काहीतरी वेगळं. ते नळीतून जात नाही, थेट रक्तात जातं. पोटातल्या लाळग्रंथीला दुसरंही एक काम होतं.

ते काम ग्रंथीतलं कोण करतं? १८९३ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात एदुआर लागेस यांनी चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रबंधातल्या पुंजक्यांकडे बोट दाखवलं. रक्तात स्राव सोडणाऱ्या ग्रंथी याच असाव्यात, असं त्यांनी सुचवलं. आणि त्यांना नाव दिलं लँगरहान्सची बेटं. १९०१ पर्यंत अमेरिकेत यूजीन ओपी यांनी मधुमेहाने मेलेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडात हीच बेटं बिघडलेली असल्याचं दाखवलं.

लँगरहान्स यांचे वडील यातलं बरंच काही घडलं तेव्हा हयात होते. मुलाच्या मागे ते एकवीस वर्षं जगले. स्वतः डॉक्टर असल्यामुळे मुलाचं नाव पाठ्यपुस्तकात कुठे जाऊन बसतं आहे ते त्यांना वाचून समजण्यासारखं होतं. १९०९ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी ते गेले.

साधारण त्याच सुमारास बेटांतल्या न सापडलेल्या द्रव्याला इन्शुलिन हे नाव सुचवलं गेलं. लॅटिनमध्ये इन्सुला म्हणजे बेट. द्रव्य हाती येण्याच्या कितीतरी आधी नाव तयार होतं. ते हाती आलं कॅनडातल्या टोरंटोमध्ये. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. तोपर्यंत अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच उपचार होता. हा मुलगा आणखी तेरा वर्षं जगला.

लँगरहान्स यांना सगळ्या पुंजक्यांमध्ये एकसारख्या दिसलेल्या पेशीही खरं तर एका प्रकारच्या नाहीत. बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की ते सुटतं आणि साखर स्नायूंत, चरबीत, यकृतात साठवली जाते. अल्फा पेशी याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन बनवतात. उपास घडला की ते यकृताला साठा मोकळा करायला लावतं. डेल्टा पेशींचं सोमॅटोस्टॅटिन या दोघांनाही आवर घालतं. माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण दहा लाख बेटं असतात आणि तरीही सगळी मिळून ग्रंथीच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात. रक्त मात्र त्यांना त्यांच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त मिळतं. साहजिकच आहे. साखर किती आहे हे रक्तातूनच कळणार आणि उत्तरही रक्तातूनच पाठवायचं.

टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा बीटा पेशींवर उलटते आणि त्या नाहीशा होत जातात. २००० साली कॅनडातल्याच एडमंटनमध्ये अशा सात रुग्णांना मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली बेटं देण्यात आली आणि सातही जणांची इन्शुलिनची इंजेक्शनं तेव्हा थांबली. त्यासाठी दात्याचं स्वादुपिंड विशिष्ट द्रव्याने सैल करतात, त्याला धरून ठेवणारे धागे विरघळवतात आणि लाखो पुंजके अलगद वेगळे काढतात. मग यकृताकडे जाणाऱ्या शिरेत ते सोडले जातात. ते वाहत जाऊन यकृतात अडकतात, रुजतात आणि तिथेच इन्शुलिन बनवायला लागतात.